वाचकांचे प्रश्न : ते पक्षाच्या हातात होते का?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एक तक्रार वेगवेगळ्या शब्दांत वारंवार आली आहे. राजकीय पक्ष बोलतात एक आणि वागतात भलतेच, अशी ती तक्रार आहे. पत्रलेखक एका विचाराचे नाहीत. काहींचा रोष सत्ताधाऱ्यांवर आहे, काहींचा विरोधकांवर, आणि सर्वांत कळवळून लिहिलेली पत्रे स्वतःच्याच पक्षाकडून दुखावलेल्या माणसांची आहेत. या अंकात इतर विषय बाजूला ठेवून त्यांतील पाच पत्रांना उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत, आणि लेखकांची व त्यांच्या पक्षांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : ज्या पक्षाला मी मत दिले, त्याने निवडणुकीपूर्वी छातीठोकपणे सांगितलेल्या गोष्टीच्या नेमकी उलट गोष्ट सत्तेत आल्यावर वर्षभरात केली. पक्षाचे लोक म्हणतात, परिस्थिती बदलली, आघाडीतल्या मित्रपक्षांची अडचण होती. याला दुटप्पीपणा म्हणायचे की नाइलाज? आणि ते ठरवायचे कशावरून?

उत्तर : दिलेला शब्द न पाळणे, विचारांती मत बदलणे आणि ढोंग करणे या तीन निराळ्या गोष्टी आहेत, रागाच्या भरात आपण तिन्हींना दुटप्पीपणा म्हणून मोकळे होतो. ढोंगाचा आरोप हा हेतूविषयीचा आरोप असतो, आणि दुसऱ्याच्या मनातला हेतू सिद्ध करणे फार कठीण. त्यातून पक्षाला एक मन नसते. त्यात हजारो माणसे असतात आणि त्यांपैकी काहींनी तो शब्द अगदी मनापासून दिलेला असतो. म्हणून हेतूच्या शोधात शिरण्यापूर्वी मी एक साधा प्रश्न विचारतो : जे करू असे पक्षाने सांगितले होते, ते करणे त्याच्या स्वतःच्या हातात होते का? जिथे दुसऱ्यांची संमती, सभागृहातील बहुमत, तिजोरीतला पैसा किंवा न्यायालयाचा निर्णय लागणार होता, तिथे अपयशाला काही सवलत द्यावी. जिथे केवळ पक्षाने मनावर घेतले असते तर काम झाले असते, तिथे सवलतीला जागा उरत नाही.

ब्रिटनमधील लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे उदाहरण या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखे आहे. मे २०१० च्या निवडणुकीपूर्वी या पक्षाच्या उमेदवारांनी विद्यार्थी संघटनेच्या एका प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या होत्या. विद्यापीठांच्या शुल्कात वाढ करण्याचा प्रस्ताव आला तर आपण संसदेत त्याच्या विरोधात मत देऊ, असे त्यात लिहिलेले होते. निवडणुकीनंतर हा पक्ष हुजूर पक्षाबरोबर आघाडी सरकारात गेला, आणि त्याच वर्षी ९ डिसेंबर रोजी इंग्लंडमधील शुल्काची कमाल मर्यादा सुमारे ३,३०० पौंडांवरून ९,००० पौंडांवर नेणारा प्रस्ताव त्या सरकारने संमत करून घेतला. अवघे ५७ खासदार असलेला धाकटा भागीदार आपला जाहीरनामा जसाच्या तसा राबवू शकत नाही, असा पक्षाचा बचाव होता, आणि जाहीरनाम्यापुरता तो पटण्यासारखाही आहे. मात्र सही नेमकी कशावर केली होती हे वाचले की तो बचाव अपुरा पडतो. शुल्क वाढू देणार नाही, असे कोणी लिहून दिले नव्हते. मी विरोधात मत देईन, असे लिहून दिले होते, आणि मत प्रत्येकाच्या स्वतःच्या हातात होते. पक्षाच्या २१ खासदारांनी दिल्या शब्दाप्रमाणे विरोधात मत दिलेही. पुढे असेही उघड झाले की आघाडी करण्याची वेळ आली तर हा मुद्दा फार ताणून धरता येणार नाही, असा विचार पक्षाच्या वाटाघाटींची तयारी करणाऱ्या गटात निवडणुकीच्या आधीच झाला होता. माझ्या दृष्टीने या प्रकरणातील खरा दोष इथे आहे. उद्या सोडून द्यावे लागेल असे ज्याविषयी आत बोलले जात होते, त्यावरच बाहेर सह्या घेतल्या जात होत्या आणि छायाचित्रे काढली जात होती. सप्टेंबर २०१२ मध्ये पक्षाचे नेते निक क्लेग यांनी जाहीर माफी मागितली, तीही शुल्कवाढीबद्दल नव्हती. पाळता येईल याची खात्री नसलेले वचन दिल्याबद्दल होती. २०१५ च्या निवडणुकीत पक्षाच्या ५७ जागांच्या ८ झाल्या. त्या पराभवाची कारणे अनेक असतील, पण तरुण मतदारांच्या मनातून ही गोष्ट गेली नव्हती, हे नाकारता येत नाही.

आघाडीची अडचण हे कारण तपासण्याची आणखी एक पद्धत आहे, आणि ती जर्मनीच्या उदाहरणावरून चांगली समजते. २००५ च्या निवडणुकीत ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षाने मूल्यवर्धित कर १६ टक्क्यांवरून १८ टक्के करू असे मतदारांना आधीच सांगितले होते, आणि सोशल डेमोक्रॅट पक्षाने त्या वाढीविरुद्ध जोरदार प्रचार केला होता. निकालानंतर दोघांनी मिळून सरकार बनवले आणि जानेवारी २००७ पासून कर १९ टक्के झाला. तडजोड ही साधारणपणे दोन मागण्यांच्या मध्ये कुठेतरी होते. एक पक्ष १८ म्हणत होता, दुसरा १६ म्हणत होता, आणि ठरले ते दोघांच्याही पलीकडचे. वाढीला कारणे होती, सरकारी तूट मोठी होती. परंतु ज्याने वाढीविरुद्ध मते मागितली, त्याला या निर्णयाचे ओझे मित्रपक्षाच्या खांद्यावर टाकता येत नाही. तेव्हा तुमच्या पक्षाने मित्रपक्षाचे कारण सांगितले, तर मित्रपक्षाने नेमके काय मागितले होते आणि निर्णय त्याच्या मागणीच्या अलीकडे झाला की पलीकडे, हे पाहावे.

मत बदलणे हा गुन्हा नव्हे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. अमेरिकेचे जॉर्ज बुश (थोरले) यांनी १९८८ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात नवे कर लावणार नाही असे निक्षून सांगितले, आणि १९९० मध्ये वाढत्या तुटीपुढे, विरोधी पक्षाचे बहुमत असलेल्या काँग्रेसशी, म्हणजे तिथल्या संसदेशी, तडजोड करून करवाढ स्वीकारली. मला त्यांचा १९९० मधील निर्णय समजण्यासारखा वाटतो आणि १९८८ मधील वाक्य बेजबाबदार वाटते. देशाचा हिशेब कोणत्या वळणावर जाईल हे माहीत नसताना असा निरपवाद शब्द द्यायलाच नको होता. ज्याला प्रामाणिकपणे मत बदलायचे आहे, त्याने तीन गोष्टी कराव्यात : आधी काय म्हटले होते ते स्वतःहून सांगावे, कोणत्या नव्या माहितीमुळे मत बदलले ते सांगावे, आणि पूर्वी ज्यांना याच मतासाठी दोष दिला त्यांच्याविषयी चार शब्द बोलावेत. तिसरी गोष्ट जवळजवळ कोणीच करत नाही. आपल्याकडे वस्तू व सेवा कराची कहाणी अशीच आहे. २०११ मध्ये काँग्रेसप्रणीत सरकारने त्यासाठी घटनादुरुस्ती विधेयक आणले, तेव्हा भाजपच्या काही राज्य सरकारांनी, विशेषतः गुजरात आणि मध्य प्रदेशने, त्याला आक्षेप घेतले. पुढे भाजपप्रणीत सरकारने तोच विषय पुढे नेला, तेव्हा आक्षेप घेण्याची पाळी काँग्रेसची होती, आणि अखेर ऑगस्ट २०१६ मध्ये राज्यसभेची संमती मिळून १ जुलै २०१७ पासून हा कर लागू झाला. दोन्ही बाजूंच्या आक्षेपांत काही खरे तपशिलाचे मुद्दे होते. तरीही खुर्च्या बदलल्या तशी भाषा बदलली, आणि आम्ही त्या वेळी अडवले ते चुकले, असे म्हणण्याचे धैर्य फारसे दिसले नाही.

एक दिलासा देणारी गोष्टही सांगतो, कारण तुमच्या पत्राचा सूर फार निराशेचा आहे. १२ देशांतील २० हजारांहून अधिक निवडणूक आश्वासनांची छाननी करणारा एक मोठा तुलनात्मक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारात गेलेले पक्ष, विशेषतः एकट्याच्या बळावर सरकार चालवणारे पक्ष, आपली बरीच आश्वासने पूर्णतः किंवा अंशतः पाळतात, आणि सत्तेत भागीदार असले की हे प्रमाण कमी होते, असे त्यातून दिसले. म्हणजे नाइलाज हे कारण सरसकट खोटे नसते. प्रत्येक वेळी ते तपासून घ्यावे लागते, एवढेच.

प्रश्न : माझे दीर एका पक्षाचे कट्टर समर्थक आहेत. त्यांच्या पक्षाची चूक दाखवली की ते लगेच विचारतात, “तुमच्या लोकांनी हेच केले तेव्हा तुम्ही कुठे होता?” त्यावर मला उत्तर सुचत नाही, कारण त्यांचे म्हणणे खरे असते. मग बोलायचेच नाही का?

उत्तर : ताई, त्यांचे म्हणणे खरे असेल तर आधी ते मान्य करा. “हो, तेव्हाही ते चूक होते आणि मी बोलायला हवे होते,” या एका वाक्याने वाद संपतो आणि बोलणे सुरू होते. त्यांचा प्रश्न तुमच्याविषयी आहे, आणि त्याला तुम्ही प्रामाणिक उत्तर दिलेत. तुमचा प्रश्न त्यांच्या पक्षाच्या कृतीविषयी होता, आणि तो अजून अनुत्तरित आहे. तो शांतपणे पुन्हा विचारता येतो. दुसऱ्याने केलेली चूक आपल्या चुकीचा पुरावा पुसून टाकत नाही. तिच्यामुळे आरोपी दोन होतात.

या युक्तिवादाची मोठी हानी अशी की “तुम्हीही, आम्हीही” म्हणता म्हणता दोघे मिळून जे करतात त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. एक उदाहरण देतो. मार्च २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की काँग्रेस आणि भाजप या दोन्ही पक्षांनी एका परदेशी समूहाच्या भारतातील कंपन्यांकडून घेतलेल्या देणग्या परकीय देणग्यांविषयीच्या कायद्याचा भंग करणाऱ्या होत्या. त्यानंतर २०१६ च्या वित्त विधेयकातून परकीय देणगीदाराची व्याख्या बदलण्यात आली आणि तो बदल २०१० पासून लागू धरण्यात आला. वादातील देणग्या त्याही आधीच्या, १९७६ च्या जुन्या कायद्याखालच्या होत्या. तेव्हा २०१८ च्या वित्त विधेयकात आणखी एक दुरुस्ती घालून तो बदल थेट १९७६ पर्यंत मागे नेण्यात आला. लोकसभेत ते वित्त विधेयक गोंधळात, चर्चेविना संमत झाले. परकीय पैशाविषयी एकमेकांवर सर्वांत कठोर आरोप करणाऱ्या दोन पक्षांना एकाच दुरुस्तीने सारखाच दिलासा मिळाला. तुम्ही आणि तुमचे दीर या विषयावर एकमेकांशी भांडण्याऐवजी दोघे मिळून दोन्ही पक्षांना प्रश्न विचारू शकला असतात, आणि तसे झाले नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता थोडे आपल्या सर्वांविषयी. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेफ्री कोहेन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांपुढे गरजूंना मदत देण्याच्या योजना ठेवल्या. काही योजना सढळ हाताच्या होत्या, काही कडक अटींच्या. आपल्या पक्षाचा या योजनेला पाठिंबा आहे असे सांगितले की योजनेत काय आहे याला फारसे महत्त्व उरत नसे. उदारमतवादी कडक योजनेला होकार देत आणि रूढिवादी सढळ योजनेला. मात्र आपण योजना वाचून, तिच्या गुणदोषांवरून मत बनवले, असेच सहभागी सांगत. आपला तो बाब्या, हे आपण दुसऱ्याविषयी सहज म्हणतो. तो बाब्या आपल्याही घरात असतो आणि आपल्याला तो खरोखर गुणी वाटत असतो. यावर मला उपयोगी पडलेला उपाय असा : बातमी वाचताना पक्षाचे नाव झाकायचे, त्या जागी विरोधी पक्षाचे नाव घालायचे, आणि राग तेवढाच येतो का ते पाहायचे. माझा राग अनेकदा कमी-जास्त झाला आहे, आणि तसे झाले त्या दिवशी मी लिहिणे थांबवले आहे. तुमच्या दिरांना हा उपाय सुचवण्याआधी आठवडाभर स्वतः करून पाहा.

प्रश्न : पक्ष ढोंगी असेल, पण त्याने सुचवलेले धोरण योग्य असेल तर त्याला पाठिंबा द्यावा का?

उत्तर : द्यावा. धोरण योग्य की अयोग्य हे त्याच्या परिणामांवरून ठरते, सांगणाऱ्याच्या वागण्यावरून ठरत नाही. ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना साथीच्या काळातील निर्बंध मोडल्याबद्दल एप्रिल २०२२ मध्ये पोलिसांकडून दंड झाला. त्यामुळे ते निर्बंध लावणे चुकीचे होते असे सिद्ध होत नाही. मात्र ज्यांनी ते निर्बंध पाळून आपल्या माणसांचे शेवटचे दर्शनही घेतले नाही, त्यांचा विश्वास जो गेला तो गेलाच. धोरणाला मत द्या, आणि वागणुकीचा जाब स्वतंत्रपणे मागा.

प्रश्न : तत्त्वांच्या गप्पा मारून उलटे वागणाऱ्या पक्षापेक्षा, आम्ही सत्तेसाठीच राजकारण करतो असे उघड सांगणारा पक्ष मला आता बरा वाटू लागला आहे. निदान तो फसवत तरी नाही. यात चूक काय?

उत्तर : तुमची भावना स्वाभाविक आहे, आणि तिच्यामागे काय असते याचा अभ्यासही झालेला आहे. २०१७ मध्ये जिलियन जॉर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले की ढोंगी माणसाचा राग येतो तो मुख्यतः त्याच्या खोट्या प्रतिमेमुळे. तो इतरांच्या चुकीवर बोट ठेवतो, तेव्हा आपण असे गृहीत धरतो की तो स्वतः तसा वागत नसणार, आणि ते गृहीतक खोटे निघाले की फसवले गेल्याची कळ लागते. तीच चूक आपल्याही हातून कधीकधी होते, असे त्याने आधी सांगितले असेल तर लोक त्याच्याकडे बरेच सौम्यपणे पाहतात.

इथपर्यंत तुमचे म्हणणे मला मान्य आहे. त्यापुढचे पाऊल मात्र मला धोक्याचे वाटते. जो पक्ष पारदर्शकता, समता, कायद्याचे राज्य यांची भाषा करतो, तो नकळत आपल्या हातात एक दोरी देत असतो. त्याचे शब्द त्याच्यापुढे धरून आपण विचारू शकतो की याचे काय झाले. न्यायालये, पत्रकार, विरोधक, त्याच पक्षातील अस्वस्थ माणसे, सगळे त्या शब्दांचा आधार घेतात. ज्याने कोणतेच तत्त्व मान्य केले नाही, त्याला त्याच्याच शब्दांनी कोणी अडवू शकत नाही. तो फसवत नाही हे खरे. पण त्याला जाब विचारण्याचा आधारही तो आपल्याला देत नाही. ढोंग पकडले गेले की पक्षाला निदान सारवासारव करावी लागते, आणि त्या सारवासारवीतूनच कधीकधी सुधारणा होते.

सप्टेंबर २०१३ मध्ये काय घडले ते आठवा. त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेला लोकप्रतिनिधी दोषी ठरताक्षणी अपात्र होईल. त्या वेळच्या काँग्रेसप्रणीत सरकारने हा परिणाम टाळण्यासाठी अध्यादेश तयार केला, त्यावर देशभर टीका झाली, आणि २७ सप्टेंबरला राहुल गांधी यांनी स्वतःच्याच सरकारचा अध्यादेश फाडून फेकण्याच्या लायकीचा आहे असे जाहीरपणे म्हटल्यानंतर तो मागे घेतला गेला. त्या प्रसंगाच्या पद्धतीविषयी, पंतप्रधान परदेशात असताना असे बोलण्याविषयी, मतभेद असू शकतात. स्वच्छ राजकारणाची भाषा त्या पक्षाने कधी केलीच नसती, तर मागे फिरण्याची गरज त्याला वाटली असती का, एवढेच मला विचारायचे आहे.

प्रश्न : मी अठरा वर्षे एका पक्षाचा कार्यकर्ता आहे. व्यासपीठावरून निष्ठा, पारदर्शकता आणि स्त्रियांना संधी हे शब्द मी स्वतः शेकडो वेळा ऐकले आणि लोकांना ऐकवले. या वेळी आमच्या भागातील एक अत्यंत कष्टाळू कार्यकर्ती उमेदवारी मागत होती. उमेदवारी मिळाली ती आदल्या रात्री पक्षप्रवेश केलेल्या माणसाला, ज्याच्यावर खटले चालू आहेत. विचारले तर “निवडून येण्याची क्षमता” एवढेच उत्तर मिळाले. पक्ष सोडावा की आत राहून बोलावे?

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि पहिल्या उत्तरात मांडलेला प्रश्न इथे सर्वांत लख्खपणे लागू होतो. उमेदवारी देणे ही संपूर्णपणे पक्षाच्या हातातली गोष्ट आहे. त्यासाठी कायदा लागत नाही, बहुमत लागत नाही, कोणाची संमती लागत नाही. म्हणून पक्षाची खरी मते जाहीरनाम्यात शोधण्यापेक्षा मी उमेदवारांच्या यादीत शोधतो.

स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाचेच पाहा. लोकसभा आणि विधानसभांत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखून ठेवणारे विधेयक पहिल्यांदा १९९६ मध्ये मांडले गेले, २०१० मध्ये राज्यसभेने ते संमत केले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये लोकसभेत ४५४ विरुद्ध २ अशा मतांनी १०६ वी घटनादुरुस्ती संमत झाली. तिची अंमलबजावणी मात्र जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यानंतर व्हायची आहे. जवळजवळ सर्व पक्षांनी इतक्या एकमुखाने बाजूने मत दिल्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, २०२४ मध्ये, लोकसभा निवडणूक झाली. त्या निवडणुकीत एकूण उमेदवारांमध्ये स्त्रिया एक दशांशाहूनही कमी होत्या, आणि ५४३ जागांवर निवडून आलेल्या स्त्रियांची संख्या २०१९ मधील ७८ वरून ७४ वर आली. कायद्याची वाट पाहण्याची गरज नव्हती, हे त्याआधीच काही पक्षांनी दाखवून दिले होते. २०१९ मध्ये ओडिशात बिजू जनता दलाने २१ पैकी ७ आणि पश्चिम बंगालमध्ये तृणमूल काँग्रेसने ४२ पैकी १७ जागांवर स्त्रियांना उमेदवारी दिली होती. त्या पक्षांचे इतर गुणदोष काहीही असोत, या एका बाबतीत त्यांनी कायद्याच्या आधी कृती केली. ज्यांनी सभागृहात हात वर केला आणि यादी करताना आखडता घेतला, त्यांच्याजवळ नाइलाजाचे कारण नाही.

“निवडून येण्याची क्षमता” या उत्तराविषयीही थोडे सांगायला हवे. गुन्हेगारी खटले असलेल्या व्यक्तीला उमेदवारी दिली तर तिचीच निवड का केली आणि खटले नसलेल्या दुसऱ्या कोणाची का करता आली नाही, याची कारणे पक्षाने प्रसिद्ध करावीत, आणि केवळ निवडून येण्याची क्षमता हे कारण चालणार नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये दिला. बिहारच्या त्या वर्षीच्या निवडणुकीत हा आदेश नीट न पाळल्याबद्दल ऑगस्ट २०२१ मध्ये न्यायालयाने भाजप आणि काँग्रेससह अनेक पक्षांना दंड केला. ही कारणे पक्षाच्या संकेतस्थळावर, समाजमाध्यमांवर आणि वृत्तपत्रांत यायला हवीत. तुमच्या मतदारसंघापुरता तो मजकूर शोधून काढा. “समाजकार्य” आणि “लोकप्रियता” असे ठोकळेबाज शब्द त्यात असतील, तर जिने उमेदवारी मागितली होती त्या कार्यकर्तीचे काम त्या शब्दांशेजारी लिहून काढा आणि दोन्ही कागद एकत्र पक्षापुढे ठेवा.

पारदर्शकतेचा शब्दही याच कसोटीवर घासून पाहता येतो. २००५ मध्ये माहिती अधिकार कायदा आला, तेव्हा सर्वच पक्षांनी त्याचे श्रेय घेतले किंवा स्वागत केले. ३ जून २०१३ रोजी केंद्रीय माहिती आयोगाने सहा राष्ट्रीय पक्ष, म्हणजे काँग्रेस, भाजप, दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, राष्ट्रवादी काँग्रेस आणि बहुजन समाज पक्ष, या कायद्याच्या कक्षेत येतात असा आदेश दिला. सवलतीच्या दरातील जागा, करमाफी, आकाशवाणी व दूरदर्शनवरील विनामूल्य वेळ अशा मार्गांनी त्यांना सरकारी साहाय्य मिळते, हे त्याचे कारण होते. दोनच महिन्यांत पक्षांना वगळणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले गेले. ते संमत झाले नाही, आणि आदेशही पाळला गेला नाही. आदेश पाळायला कोणी अडवले होते? माहिती अधिकारी नेमणे हे एका दुपारचे काम आहे.

निवडणूक रोख्यांबाबत मात्र मी थोडा सबुरीने बोलतो. बँकेतून रोखे विकत घेऊन, आपले नाव जाहीर न होता पक्षाला देणगी देण्याची ही २०१८ मध्ये सुरू झालेली योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवली. तिच्यावर टीका करणाऱ्या अनेक पक्षांनीही रोखे वटवले होते, आणि त्यांचे म्हणणे असे की प्रतिस्पर्ध्याला सर्वाधिक पैसा मिळत असताना आपण एकट्याने हात बांधून कसे उतरायचे. हे म्हणणे मला अगदीच टाकाऊ वाटत नाही, जरी मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे न घेता त्या योजनेविरुद्ध याचिका केली होती. मात्र पैसा घेणे ही स्पर्धेची गरज होती असे धरले, तरी तो कोणाकडून आला हे सांगायला कायद्याने पक्षाला मनाई केली नव्हती. द्रमुक, अण्णाद्रमुक, जनता दल (सेक्युलर) अशा मोजक्या पक्षांनी निवडणूक आयोगाला देणगीदारांची नावे कळवली होती. बहुतेकांनी कळवली नव्हती. पैसा घेणे आणि नाव सांगणे या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या की नाइलाज कुठे संपतो ते दिसते.

आता तुमचा प्रश्न. लगेच सोडू नका, असे मी सुचवीन. पण जुन्या मार्गाने, खाजगीत कुरकुर करत राहू नका. प्रत्येक नोंदणीकृत पक्षाची स्वतःची घटना असते आणि ती निवडणूक आयोगाकडे दाखल असते. तिची प्रत मिळवा आणि उमेदवार निवडण्याविषयी, पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीविषयी तिच्यात काय लिहिले आहे ते वाचा. मग तुमच्या स्थानिक शाखेच्या बैठकीत दोन-तीन ओळींचा लेखी ठराव मांडा, आणि त्यात अशीच मागणी करा जी मान्य करायला वरून परवानगी लागणार नाही : शाखेला मिळालेल्या देणग्यांची यादी कार्यालयात लावावी, उमेदवारीसाठी आलेल्या सर्व अर्जांची नावे सदस्यांना सांगावीत, आणि शाखा ज्याची शिफारस करील त्याची कारणे लेखी द्यावीत. त्या कार्यकर्तीला विचारून, तिची इच्छा असेल तर, ठरावावर पहिली सही तिची घ्या. तिच्या नावाने लढताना तिलाच विचारायचे राहून गेले, असे होऊ देऊ नका. ठराव मांडताना नेत्यांच्या हेतूविषयी एक शब्दही काढू नका, आपल्याच व्यासपीठावरची वाक्ये तारखेसह वाचून दाखवा. ठराव फेटाळला गेला तर तो कोणी आणि कोणत्या कारणाने फेटाळला हे इतिवृत्तात येईल याची काळजी घ्या. थांबायचे की निघायचे हे त्या इतिवृत्ताची प्रत हातात आल्यावर ठरवा, आणि जे ठरेल ते मला अवश्य कळवा.